बाबांची चहातली गोळी, मुलाचा प्रोटीनचा डबा : घरातले कृत्रिम स्वीटनर मोजायचे कसे?

मासुंदा_काठ (नौपाडा, ठाणे)

नमस्कार मंडळी. प्रश्न थोडा लांबणार आहे, पण तपशील दिल्याशिवाय उत्तर मिळणार नाही असे वाटते, म्हणून सविस्तर लिहीत आहे.

माझे वडील ७१ वर्षांचे असून त्यांचे वजन ६४ किलो आहे. गेली चौदा वर्षे त्यांना मधुमेह आहे आणि रक्तदाबाची गोळीही चालू आहे. मुलगा सतरा वर्षांचा, वजन ५८ किलो. तो गेल्या दिवाळीपासून व्यायामशाळेत जाऊ लागला आणि तिथल्या प्रशिक्षकाच्या सांगण्यावरून त्याने व्हे प्रोटीनचा (दुधाच्या निवळीतील प्रथिनांच्या भुकटीचा) डबा आणला. गेल्या रविवारी स्वयंपाकघरातील फळी आवरताना मी सहज एकेक वेष्टन वाचू लागले आणि वाचता वाचता खालीच बसले. वडिलांच्या चहातील गोळीत ॲस्पार्टेम हे स्वीटनर (साखरेऐवजी गोडी देणारे द्रव्य) आहे, एका गोळीत १८ मिलिग्रॅम, आणि दिवसाला अशा सहा गोळ्या होतात. रात्री ते घेतात त्या संत्र्याच्या चवीच्या इसबगोलातही ॲस्पार्टेमच आहे. पाण्यात टाकल्यावर फसफसणाऱ्या क जीवनसत्त्वाच्या गोळीत सुक्रालोज आणि ॲसेसल्फेम पोटॅशियम अशी जोडी आहे, मधुमेह्यांसाठीच्या खोकल्याच्या औषधात सॅकरीन आणि सॉर्बिटॉल आहे, आणि मुलाच्या डब्यावर पुन्हा सुक्रालोज लिहिलेले आहे. साखर आम्ही जवळजवळ बंद केली, याचे मला आजवर समाधान होते. तिच्या जागी इतक्या वाटांनी दुसरे काही घरात आले आहे, हे मात्र माझ्या ध्यानातच आले नव्हते.

हे सगळे एकत्र धरल्यास मर्यादेबाहेर जाते का? ॲस्पार्टेममुळे कर्करोग होण्याची शक्यता आहे अशी बातमी २०२३ साली सर्वत्र आली होती, तिचा नेमका अर्थ काय लावायचा? आणखी एक गोष्ट मनाला लागून राहिली आहे. गणपतीत एका दुकानातून मुद्दाम वडिलांसाठी ‘शुगर फ्री’ काजूबर्फी आणली होती. मधुमेह्यांनी निर्धास्त खावी असे विक्रेत्याने सांगितले, म्हणून आम्ही त्यांना हात आखडू दिला नाही, आणि त्यानंतर दोन दिवस त्यांचे पोट बिघडलेले होते, शिवाय सकाळची साखरही वाढलेली दिसली. बर्फीत साखर नव्हती, तर असे का झाले असावे?

नेरूळचा_औषधवाला

ताई, आपण मिलिग्रॅमसह माहिती दिलीत हे फार बरे केलेत, कारण या विषयावर बहुतेक चर्चा आकड्यांवाचून होते. मी सव्वीस वर्षे औषधांच्या दुकानात उभा आहे, त्या अनुभवावरून लिहितो.

प्रत्येक स्वीटनरसाठी ‘दैनंदिन स्वीकार्य मात्रा’ ठरवलेली असते. जन्मभर रोज तेवढे पोटात गेले तरी अपाय अपेक्षित नाही, अशी ती पातळी असते, आणि ती शरीराच्या वजनावर मोजतात. जागतिक आरोग्य संघटना आणि अन्न व कृषी संघटना यांच्या संयुक्त तज्ज्ञ समितीने ॲस्पार्टेमसाठी ती प्रति किलो ४० मिलिग्रॅम ठरवली आहे. तुमच्या वडिलांच्या ६४ किलो वजनाला ती २,५६० मिलिग्रॅम होते. चहातील सहा गोळ्यांचे मिळून १०८ मिलिग्रॅम होतात. इसबगोलात नेमके किती आहे हे वेष्टनावर नसेल, पण ते कितीही उदारपणे धरले तरी तुम्ही मर्यादेच्या आसपासही पोहोचत नाही. सुक्रालोज आणि ॲसेसल्फेम यांची मर्यादा प्रति किलो १५ मिलिग्रॅम आहे आणि प्रत्येकाचा हिशेब स्वतंत्र करायचा असतो. ॲस्पार्टेम शरीरात फुटते, सुक्रालोजचा बहुतांश भाग न पचता बाहेर पडतो, सॅकरीन लघवीवाटे जाते. प्रत्येकाची वाट वेगळी असल्यामुळे सर्वांची सरसकट बेरीज करणे योग्य नाही.

आता ती बातमी. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने जुलै २०२३ मध्ये ॲस्पार्टेमला ‘२ ब’ या गटात घातले, म्हणजे ‘माणसात कर्करोगास कारण ठरण्याची शक्यता’, आणि तीही मर्यादित पुराव्याच्या आधारे. ही संस्था एखाद्या पदार्थात धोका असू शकतो का एवढेच पाहते. किती मात्रेला किती धोका, हे सांगणे तिचे काम नाही. ते काम वर सांगितलेल्या संयुक्त समितीचे, आणि तिने त्याच वेळी पुरावा तपासून ४० मिलिग्रॅमची मर्यादा कायम ठेवली. एका डाएट शीतपेयाच्या डब्यात २०० ते ३०० मिलिग्रॅम ॲस्पार्टेम धरले, तर ७० किलोच्या माणसाला ही मर्यादा ओलांडण्यासाठी दिवसाला नऊ ते चौदा डबे प्यावे लागतील, असे उदाहरण तेव्हा देण्यात आले होते. बातम्यांत पहिले वाक्य मोठ्या अक्षरांत आले आणि दुसरे बहुतेकांच्या वाचनातच आले नाही, याचे मला आजही वाईट वाटते. त्या आठवड्यात कितीतरी मधुमेही गिऱ्हाइकांनी गोळ्यांच्या डब्या परत आणल्या आणि त्यातील काहींनी चहात पुन्हा दोन-दोन चमचे साखर सुरू केली.

तुमच्या यादीत मला काळजी वाटते ती दुसऱ्याच दोन गोष्टींची. फसफसणाऱ्या गोळीत सोडियम बायकार्बोनेट असते, फेस त्यामुळेच येतो. वडिलांना रक्तदाब आहे, म्हणजे रोज एक गोळी म्हणजे रोज थोडे जादा सोडियम. त्यांना क जीवनसत्त्व हवेच असेल तर साधी गोळी घ्या, किंवा त्याहून सरळ म्हणजे रोज एक आवळा वा पेरू द्या. दुसरी गोष्ट विचारायलाच हवी : वडिलांना मधुमेहासाठी नेमकी कोणती औषधे चालू आहेत?

ऐरोलीकर

माझे म्हणणे आपल्या प्रश्नापासून किंचित बाजूला आहे, परंतु ॲस्पार्टेमचा विषय निघाला की मी थांबून लिहितेच.

माझ्या मुलीला जन्मापासून फेनिलकीटोन्युरिया आहे. फेनिलॲलॅनिन हे अमिनो आम्ल शरीरात मोडण्यासाठी लागणारे विकर (एन्झाइम) तिच्यात जवळजवळ नाही. ते रक्तात साठत गेले तर मेंदूच्या वाढीला अपाय होतो. ॲस्पार्टेम पचताना त्यातून हेच आम्ल मोकळे होते, म्हणून त्या वेष्टनांवर ‘फेनिलकीटोन्युरिया असलेल्यांसाठी नाही’ अशी बारीक अक्षरांतील ओळ असते. शंभर घरांत ती ओळ कुणी वाचत नसेल. आमच्या घरात ती सर्वांत आधी वाचली जाते. खाऊच्या पाकिटांवर ती सापडते, पण खरी दमछाक औषधांच्या बाबतीत होते. चघळायच्या गोळ्या, पाण्यात विरघळणाऱ्या गोळ्या, मुलांची पातळ औषधे यांना गोडी कशाने आणली आहे, हे बाटलीवर पाहून अनेकदा कळत नाही. मुलगी चार वर्षांची असताना तापात दिलेल्या एका औषधाची घटकयादी मिळवायला मला दोन दिवस लागले. शेवटी आमच्या ओळखीच्या फार्मासिस्टने उत्पादकाकडून लेखी माहिती मागवली, आणि तोवर आम्ही साधी गोळी कुटून दिली.

मासुंदाताई, आपल्या वडिलांना यामुळे काही होणार नाही. माझी विनंती एवढीच की घरी येणाऱ्या दुसऱ्याच्या लहान मुलाला ‘बिनसाखरेचे आहे, चालेल’ असे म्हणून काही देण्यापूर्वी त्याच्या आईला एकदा विचारावे. आणि कुणाच्या घरी कुत्रा असेल तर झायलिटॉल (साखरेऐवजी वापरायचा आणखी एक गोड पदार्थ) असलेले च्युइंगगम वा पावडर त्याच्या तोंडाला लागणार नाही अशी ठेवावी. माणसाला निरुपद्रवी असलेला हा पदार्थ कुत्र्याची रक्तशर्करा एकदम खाली आणतो आणि त्यात त्याचा जीवही जाऊ शकतो.

खारघर_टेकडी

मुलाबद्दल लिहितो. राष्ट्रीय पोषण संस्थेने मे २०२४ मध्ये भारतीयांसाठी सुधारित आहार मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली. स्नायू वाढवण्यासाठी प्रोटीन पावडर घेऊ नये असे त्यांत सुचवले आहे, आणि अशा पावडरीत घातलेली साखर, उष्मांकविरहित स्वीटनर आणि कृत्रिम स्वाद असू शकतात, हेही एक कारण म्हणून दिले आहे. प्रौढांसाठी प्रथिनांची शिफारस प्रति किलो ०.८३ ग्रॅम आहे, म्हणजे ५८ किलोला सुमारे ४८ ग्रॅम. वाढत्या वयात आणि व्यायाम करताना थोडी अधिक धरा. दोन अंडी, अर्धा लिटर दूध, दोन वेळची डाळ आणि उसळ, संध्याकाळी मूठभर भाजलेले चणे-शेंगदाणे एवढ्यात ती भागते. माझ्या पुतण्याने हेच केले आणि त्याच्या वजन उचलण्यात कसलाही फरक पडला नाही.

डबा संपवायचाच असेल तर तो ‘व्हे’ आहे की ‘गेनर’ (वजन वाढवण्यासाठीची पावडर), हे मात्र पाहा. गेनरमध्ये पहिला घटक पुष्कळदा माल्टोडेक्स्ट्रिन (पिष्टापासून केलेली भुकटी) असतो. ते चवीला फारसे गोड लागत नाही, पण रक्तात जवळजवळ ग्लुकोजच्याच वेगाने उतरते. ज्या घरात मधुमेह आहे तिथे सुक्रालोजच्या चिमटीपेक्षा त्या वाटीभर पिठाची काळजी आधी करावी.

पाचपाखाडी

मी अन्नतंत्रज्ञानाचे शिक्षण घेतले असून काही वर्षे मिठाई आणि बेकरीच्या पाककृतींवर काम केले आहे. काजूबर्फीचे कोडे मी उलगडण्याचा प्रयत्न करतो.

साखर पदार्थाला गोडी देते, तसेच आकारमानही देते. सुक्रालोज साखरेच्या सुमारे ६०० पट गोड आणि ॲस्पार्टेम सुमारे २०० पट. किलोभर साखरेच्या जागी सुक्रालोजची दीड-दोन ग्रॅम पांढरी भुकटी घातली तर गोडी जुळेल, पण बर्फी थापायला काहीच उरणार नाही. म्हणून ती जागा भरून काढायला कारागीर बहुधा माल्टिटॉल, सॉर्बिटॉल किंवा आयसोमाल्ट वापरतात. ही साखर-अल्कोहोले आहेत (नावात अल्कोहोल असले तरी दारूशी त्यांचा काही संबंध नाही). लहान आतड्यात ती अर्धवटच शोषली जातात. उरलेली पुढे मोठ्या आतड्यात जाऊन पाणी ओढून घेतात, तिथले जिवाणू त्यांना आंबवतात, आणि त्यातून वात, कळा, जुलाब हे सर्व होते. वडिलांचे पोट बिघडले त्याचे हे अगदी संभवनीय कारण आहे, आणि त्याच दिवसांत सॉर्बिटॉल असलेले खोकल्याचे औषध चालू असेल तर त्याचीही त्यात भर पडली असेल. शिवाय माल्टिटॉल म्हणजे शून्य नव्हे : साखरेचे उष्मांक ग्रॅमला चार, तर माल्टिटॉलचे दोनाहून थोडे अधिक, आणि त्याने रक्तशर्कराही वाढते, फक्त साखरेपेक्षा कमी. त्यावर काजूतील पिष्ट आणि स्निग्धांश, बर्फीत खवा मिसळला असल्यास त्यातली दुधाची साखर, आणि निर्धास्तपणे खाल्लेले चार जादा तुकडे. सकाळचा आकडा वाढण्यास एवढे पुरेसे आहे.

भारतीय अन्नसुरक्षा व मानके प्राधिकरणाच्या २०१८ च्या दाव्यांसंबंधीच्या नियमांनुसार ‘शुगर फ्री’ म्हणायचे असेल तर १०० ग्रॅममध्ये साखर अर्ध्या ग्रॅमपेक्षा अधिक असता कामा नये. ‘साखर घातलेली नाही’ हा वेगळा दावा आहे. तो पदार्थातील अंगच्या साखरेबद्दल काहीच बोलत नाही. बंद पाकिटावर नावाऐवजी आकडे असतील तर एवढे टिपून ठेवा : ९५० म्हणजे ॲसेसल्फेम पोटॅशियम, ९५१ ॲस्पार्टेम, ९५४ सॅकरीन, ९५५ सुक्रालोज, ९६० स्टीव्हियापासूनचे, ९६५ माल्टिटॉल, ४२० सॉर्बिटॉल. सुटी मिठाई घेताना ‘शुगर फ्री आहे का’ असे न विचारता ‘साखरेच्या जागी काय घातले आहे’ असे विचारावे. उत्तर देता येत नसेल तर ती मिठाई मधुमेह्याला देऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

दिवाळी तोंडावर असल्यामुळे आणखी एक सांगतो. ॲस्पार्टेम उष्णतेने फुटते आणि त्याची गोडी जाते, म्हणून ती गोळी चहा खाली उतरवल्यावरच टाकावी. सुक्रालोज उष्णतेला टिकते असे मानून अनेक जण ते शंकरपाळ्यांच्या पिठात घालतात. परंतु जर्मनीच्या शासकीय जोखीम मूल्यांकन संस्थेने २०१९ मध्ये असे नोंदवले की सुक्रालोज १२० अंशांच्या वर तापल्यास क्लोरीनयुक्त अपायकारक संयुगे तयार होऊ शकतात, आणि अधिक माहिती हाती येईपर्यंत ते पदार्थ शिजल्यानंतर घालावे. तळणीचे तेल १७०-१८० अंशांवर असते. मी स्वतः तळणीच्या पदार्थांत सुक्रालोज वापरणे बंद केले आहे. तिखटमिठाच्या शंकरपाळ्या कराव्यात. आमच्याकडे आता मुलेही त्याच आधी संपवतात.

नेरूळच्या काकांच्या हिशेबाशी मी सहमत आहे, फक्त एक जोड देतो. मर्यादेच्या आत असणे म्हणजे फायदा होणे नव्हे. वजन ताब्यात ठेवण्याचे साधन म्हणून बिनसाखरेचे स्वीटनर वापरू नयेत, अशी शिफारस जागतिक आरोग्य संघटनेने मे २०२३ मध्ये केली. दीर्घकाळच्या निरीक्षणांत त्यांचा वापर आणि मधुमेह व हृदयविकार यांची सांगड दिसली होती. मात्र ज्यांचे वजन आधीच वाढलेले असते तेच लोक स्वीटनरकडे वळतात, त्यामुळे कारण कोणते आणि परिणाम कोणता हे सुटे करता येत नाही, म्हणून ती शिफारस सशर्त ठेवली गेली. आधीपासून मधुमेह असलेल्यांना ती लागू नाही. आपल्या वडिलांना नाही, पण मुलाला आणि आपल्याला ती लागू होते.

मासुंदा_काठ

सर्वांचे मनापासून आभार. काका, वडिलांची औषधे : मेटफॉर्मिन, ग्लिमेपिराइड आणि जेवणाबरोबर व्होग्लिबोज. खोकल्याचे औषध गणपतीत चालू होते, हे पाचपाखाडी यांचे वाचल्यावर आठवले.

नेरूळचा_औषधवाला

मला हीच शंका होती, म्हणून पुढचे जरा सावकाश वाचा.

ग्लिमेपिराइडमुळे रक्तशर्करा कधी कधी फार खाली जाऊ शकते, विशेषतः जेवण लांबले वा चालणे जास्त झाले तर. दरदरून घाम, हातांना कंप, धडधड, बोलण्यात गोंधळ अशी लक्षणे दिसू लागतात. अशा वेळी डाएट पेय, गोडीची गोळी घातलेला चहा किंवा बिनसाखरेचे सरबत यांचा काडीचाही उपयोग होत नाही. जीभेला गोड लागते आणि रक्तात काहीच पोहोचत नाही. आमच्याच सोसायटीत एका आजींना घाम फुटला तेव्हा सुनेने घाईघाईने चहा दिला, आणि सवयीने त्यात साखरेऐवजी गोळी टाकली. वीस मिनिटे गेल्यावर शेजाऱ्यांच्या लक्षात आले. आजी वाचल्या, पण ती वीस मिनिटे त्या घरातले कुणी विसरलेले नाही.

एरवी मी तीन लहान चमचे साखर पाण्यात विरघळवून द्या असे सांगितले असते. पण व्होग्लिबोज हे औषध आतड्यात साखर फोडणाऱ्या विकरांनाच अडवते, त्यामुळे साधी साखरसुद्धा रक्तात उशिरा उतरते. तुमच्या वडिलांसाठी घरात शुद्ध ग्लुकोजची भुकटीच हवी. पंधरा ग्रॅम पाण्यात द्यायची, पंधरा मिनिटांनी पुन्हा साखर तपासायची, वाढली नसेल तर पुन्हा तेवढीच द्यायची. शुद्ध हरपत असेल तर तोंडावाटे काहीही न घालता थेट रुग्णालयात न्यावे. जुलाब झाल्यावर द्यायच्या क्षारसंजीवनीचेही तसेच आहे : त्यातले ग्लुकोज आतड्यातून सोडियम आत घेण्यासाठी असते, म्हणून बिनसाखरेची पेये तिच्या जागी देऊ नयेत. हे सर्व तुमच्या डॉक्टरांना दाखवून त्यांच्याकडून पक्के करून घ्या.

मासुंदा_काठ

आज सकाळी डॉक्टरांना भेटून आले. ग्लुकोजबाबत त्यांनी हेच सांगितले आणि फसफसणारी गोळी बंद केली. चहातील गोळ्या चालू ठेवायला त्यांची हरकत नाही, पण दिवसाचे चहा तीनवर आणायला सांगितले. वडिलांनी त्यावर बरीच घासाघीस करून चौथा अर्धा कप मिळवला.

मुलाचा डबा मी पुन्हा वाचला. तो गेनर नाही, व्हेच आहे. उघडलेला डबा संपल्यावर नवा आणायचा नाही यावर तो राजी झाला आहे. चणे भाजून देण्याचे काम माझ्याकडे आले आहे. ग्लुकोजच्या पंधरा-पंधरा ग्रॅमच्या पुड्या बांधून एक वडिलांच्या तलावपाळीवर फिरायला जायच्या पिशवीत ठेवली आहे, एक त्यांच्या उशाशी, आणि एक फळीवर. फळीवरची पुडी आधी गोडीच्या गोळ्यांच्या शेजारीच ठेवली होती. ऐन घाईत हात चुकू नये म्हणून गोळ्यांची डबी आता चहाच्या डब्यामागे हलवली आहे आणि पुडीवर लाल शाईने ‘घाम आला तर हे’ असे लिहिले आहे.